डम्फ्रिसशायरमध्ये चार दिवस: नदीच्या काठाने वर चढत जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक डिस्ट्रिक्ट बघून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्लासगोला पोहोचायचं आहे. मध्ये चार दिवस मोकळे आहेत, भाड्याची गाडी आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि बारा वर्षांची मुलगी. नकाशावर मध्ये डम्फ्रिसशायर दिसतं, पण त्याविषयी मराठीत काही सापडत नाही. तिथे थांबावं, की हे चार दिवसही हायलँड्सला द्यावेत?

थांबा. दक्षिण स्कॉटलंडमध्ये सहली आखण्याचं आणि लोकांना हिंडवून आणण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सगळ्यात जास्त वाईट मला या परगण्याचं वाटतं, कारण लाखो माणसं तो ओलांडतात आणि बघत कोणीच नाही. कार्लाइल शहरातून निघालेला मोटरवे परगण्याच्या मधून सरळ उत्तरेला जातो, आणि गाड्या तासाभरात पार होतात. गंमत म्हणजे हा मार्ग मुळात ज्याने बांधला तो थॉमस टेलफर्ड याच परगण्यातल्या एका मेंढपाळाचा मुलगा.

आधी जमिनीची रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट बसेल. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला सॉल्वेची खाडी, आणि डोंगरातून खाडीकडे उतरणाऱ्या तीन नद्या: पूर्वेला एस्क, मध्ये ॲनन, पश्चिमेला निथ. प्रत्येक नदीचं खोरं म्हणजे वेगळं घराणं, वेगळी बाजारपेठ, वेगळा स्वभाव. सोळाव्या शतकापर्यंत हा सरहद्दीचा प्रदेश होता. एका खोऱ्यातली टोळी दुसऱ्या खोऱ्यातली गुरं पळवायची, कधी सीमेपलीकडच्या इंग्लंडातली. आर्मस्ट्राँग, जॉन्स्टन, मॅक्सवेल ही आडनावं अजूनही इथल्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. कागदोपत्री पाहिलं तर काउंटी कौन्सिल १९७५ मध्ये बरखास्त झालं आणि आता 'डम्फ्रिस अँड गॅलोवे' असा मोठा प्रशासकीय विभाग आहे, पण माणसं जुनंच नाव सांगतात.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि तो मी सगळ्यांना देते: आडवं पळत एकेक 'पॉइंट' गोळा करू नका. एका वेळी एक नदी धरा आणि तिच्या काठाने वर चढा. किल्ले युरोपात सगळीकडे आहेत. या परगण्याचं खरं वैभव म्हणजे आडवळणाच्या, गरीब खोऱ्यांमध्ये वाढलेली वाचणारी माणसं, आणि त्यांनी जगाच्या पाठीवर केलेली बरी-वाईट कामं. ते समजायला वेग कमी करावा लागतो.

सुरुवात एस्कपासून करा. कार्लाइलहून मोटरवे न घेता लाँगटाउनमार्गे लँगहोमला या. अंतर साधारण तीस-बत्तीस किलोमीटर. गावाचा उच्चार स्थानिक लोक 'लँगम' असा करतात, रस्ता विचारताना लक्षात असू द्या. वाटेत एस्कच्या काठावर गिल्नॉकी टॉवर दिसेल, आर्मस्ट्राँग टोळीचा चौकोनी दगडी बुरूज. त्यांचा म्होरक्या जॉनी आर्मस्ट्राँग याला १५३० मध्ये राजा पाचव्या जेम्सने भेटीला आलेला असताना पकडून फासावर दिलं. त्याच आडनावाचा नील आर्मस्ट्राँग चंद्रावर जाऊन आल्यावर लँगहोमने १९७२ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून गावाचं मानद नागरिकत्व दिलं.

लँगहोमच्या डोक्यावर व्हिटा नावाची टेकडी आहे आणि टेकडीवर शंभर फुटी दगडी स्तंभ. गावात कुठेही उभं राहा, तो दिसतो. हा स्तंभ सर जॉन माल्कमचा. महाबळेश्वरला तुम्ही बाजारात फिरला असाल, तर त्या पेठेचं नाव मालकम पेठ आहे हे तुम्हाला माहीत असेल. तोच हा माणूस. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असताना त्याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून जागा घेऊन महाबळेश्वरचं थंड हवेचं ठिकाण वसवलं. त्याआधी, डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून गेलेल्यांत तो होता. पुढे मंदसोरचा तह त्याने केला, आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तोही त्याच्याच स्वाधीन. वर्षाला आठ लाखांचं निवृत्तिवेतन त्याने कबूल केलं, आणि ते फार जास्त झालं म्हणून त्याच्या वरिष्ठांनी नापसंती दाखवली. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, त्याचा संगमरवरी पुतळा आजही आहे.

म्हणजे मराठी सत्तेच्या शेवटच्या अंकात ज्याची सही आहे, तो माणूस या खोऱ्यातला. त्याचं जन्मगाव बर्नफुट, लँगहोमपासून थोडंसं वर, नदीकाठची मेंढ्यांची शेतवाडी. घरात सतरा भावंडं. वडिलांचं व्यवहारात दिवाळं निघालं, तेव्हा मुलं जमेल तशी बाहेर पाठवली गेली. जॉन बारा वर्षांचा असताना लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. त्यांनी विचारलं, हैदरअली समोर आला तर काय करशील? पोराने सांगितलं, तलवार काढून त्याचं डोकं उडवीन. त्याला नोकरी मिळाली. या कुटुंबातले चौघे भाऊ पुढे 'सर' झाले. त्यातला पुल्टनी हा नेपोलियन सेंट हेलिनावर कैदेत असताना काही काळ तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. त्याचा पुतळा लँगहोममध्येच आहे.

मी मराठी पाहुण्यांना स्तंभापर्यंत आवर्जून नेते. तिथून दक्षिणेला सॉल्वेची खाडी आणि पलीकडे तुम्ही नुकतेच सोडून आलेले कंब्रियाचे डोंगर दिसतात. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. शाळेत आपण हा इतिहास पुण्याच्या बाजूने शिकतो. ज्या घरातून तो गव्हर्नर निघाला ते घर किती लहान होतं, तिथून निघण्याची किती निकड होती, हे इथे उभं राहिल्यावर समजतं. त्याने केलेलं त्यामुळे हलकं होत नाही. साम्राज्य कोणी उभं केलं याचं उत्तर मात्र जास्त नेमकं मिळतं. सासरे इतिहासप्रेमी असतील तर हा दिवस त्यांचा. गाडीने न्यूकॅसलटनच्या रस्त्यावर बरंच वर जाता येतं, त्यामुळे पुढची चढण कमी होते, तरी वारा सोसाट्याचा असतो आणि पायवाट ओलसर. गुडघे दुखत असतील तर त्याच रस्त्यावर कवी ह्यू मॅकडिअरमिड याचं स्मारक आहे, पोलाद आणि ब्राँझचं एक मोठं उघडं पुस्तक. तिथे थांबूनही खोरं छान दिसतं. हा कवी लँगहोमच्या पोस्टमनचा मुलगा. घर ग्रंथालयाच्या इमारतीतच होतं, आणि लहानपणी तिथली पुस्तकं तो टोपल्या भरभरून घरी न्यायचा.

ग्रंथालयाचा विषय निघालाच आहे तर आता नदीने वर चला, बेंटपाथला. पूल, चर्च, चार घरं, आणि वेस्टरकर्कचं ग्रंथालय. १७९३ मध्ये जवळच्या ग्लेनडिनिंगच्या अँटिमनी खाणीतल्या कामगारांनी ते सुरू केलं. टेलफर्ड याच ग्लेनडिनिंगचा. तो जन्मला १७५७ मध्ये, आणि काही महिन्यांतच वडील वारले. गुरं राखून तो गावच्या शाळेत शिकला, लँगहोमला गवंड्याच्या हाताखाली राहिला, आणि पुढे स्कॉटलंडमधला कॅलेडोनियन कालवा आणि वेल्समधला मेनाईचा झुलता पूल बांधणारा अभियंता झाला. मृत्युपत्रात त्याने वेस्टरकर्क आणि लँगहोम या दोन्ही ठिकाणच्या ग्रंथालयांसाठी पैसे ठेवले. जुन्या काळी वेस्टरकर्कला पुस्तकं महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या दिवशी बदलून मिळत. म्हणजे दूरदूरच्या वाड्यांवरच्या मेंढपाळांना चांदण्यात परतता यावं. पुस्तकं निवडताना खाणकामगार आणि शेतकरी एका टेबलाशी बसायचे. माझ्या दृष्टीने साऱ्या परगण्यात या एका इमारतीइतकं मोलाचं दुसरं काही नाही. आत जायचं तर आधी विचारून वेळ ठरवावी लागते. इथे पर्यटकांसाठी तिकीट खिडकी नाही.

आणखी वर, एस्कडेलम्युअरला, दोन अनपेक्षित गोष्टी एकाच रस्त्यावर भेटतात. एक म्हणजे काग्यू साम्ये लिंग हा तिबेटी बौद्ध मठ. १९६७ मध्ये दोन निर्वासित लामांनी शिकारीसाठी बांधलेल्या एका जुन्या घरात तो सुरू केला, आणि पाश्चात्त्य जगातलं हे पहिलं तिबेटी बौद्ध केंद्र मानलं जातं. स्कॉटिश पावसात सोनेरी कळस बघायला मुलीला मजा येईल. दुसरी म्हणजे १९०८ मध्ये सुरू झालेली वेधशाळा. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत विजेच्या ट्राममुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडू लागली, तेव्हा विजेच्या तारांपासून आणि रुळांपासून लांब जागा शोधत शास्त्रज्ञ इथे आले. हवामानाचा अंदाज गणिताने मांडता येईल या कल्पनेवर लुइस फ्राय रिचर्डसन याने काम केलं, तेही इथला प्रमुख असताना. वेधशाळा बाहेरूनच बघायची, तिथे काम चालू असतं.

लँगहोम सोडण्याआधी एक ताजी गोष्ट सांगते. गावात जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी 'कॉमन रायडिंग' असते. शेकडो घोडेस्वार गल्लीतून दौडत टेकडीवर जातात आणि गावाच्या सामाईक जमिनीच्या सीमा पुन्हा पाहून येतात. १७५९ मध्ये कोर्टाने या सीमा ठरवून दिल्या, तेव्हापासूनची ही परंपरा. मिरवणुकीत काठीवर थिसलचं मोठं काटेरी झाड, गुलाबांचा मुकुट, कुदळ, आणि लाकडी थाळीला खिळ्याने ठोकलेली भाकरी आणि खारवलेला मासा असतो. बाहेरच्याला हा निव्वळ उत्सव वाटतो. पण भोवतालची बाकी सगळी माळरानं पिढ्यानपिढ्या एका ड्यूकच्या मालकीची होती. कापडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, गाव थकलं, आणि तेव्हा ड्यूकच्या इस्टेटीने ही माळरानं विकायला काढली. गावाने वर्गणी उभी केली, २०२१ मध्ये ३८ लाख पौंडांना ५,२०० एकर विकत घेतले आणि पुढच्या वर्षी आणखी ५,३०० एकर. आज ते टॅरस खोऱ्याचं निसर्गराखीव क्षेत्र आहे. दलदलीतला पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, पुन्हा ओला करणं आणि स्थानिक झाडं वाढवणं ही कामं गावाच्या हातात आहेत. दोनेक हजार वस्तीच्या गावाने हे केलं. दरवर्षी सीमा फिरून बघणाऱ्या गावाला जमीन म्हणजे काय ते नीट माहीत होतं, असं मला वाटतं.

दुसरा दिवस ॲननचा. इथे मी भरभर सांगते, कारण हे खोरं रुंद आहे आणि मोटरवे त्यातूनच जातो. डावीकडे बर्न्सवार्क नावाची सपाट माथ्याची टेकडी लांबून दिसेल. ती लाव्ह्याच्या थरांची आहे, म्हणून सह्याद्री पाहिलेल्या डोळ्याला चटकन ओळखीची वाटते. तिच्या दोन्ही अंगांना रोमन सैन्याचे तळ आहेत. गोफणीतून मारलेल्या शिशाच्या गोळ्या तिथे ढिगाने सापडल्या. त्यातल्या काहींना भोकं पाडलेली होती, जाताना शिट्टी वाजावी आणि शत्रू बिचकावा म्हणून.

लॉकर्बीला थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी थांबते. २१ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी स्फोटाने फुटलेलं पॅन ॲमचं विमान या गावावर पडलं. विमानातले २५९ आणि गावातले ११ असे २७० जण गेले. गावाबाहेरच्या दफनभूमीत स्मृतिउद्यान आहे. त्या दिवसांत गावातल्या बायकांनी शेतांत विखुरलेले मृतांचे कपडे धुऊन, इस्त्री करून त्यांच्या घरच्यांना पाठवले. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी त्या विमानात होते. तेव्हापासून लॉकर्बीच्या शाळेतली दोन मुलं दरवर्षी शिष्यवृत्तीवर तिथे शिकायला जातात. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला हे सांगता येईल.

जवळच्या लॉकमेबेनचा आणखी एक मुंबईचा धागा आहे. विल्यम जार्डिन हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा, कंपनीच्या जहाजावर डॉक्टर म्हणून लागला. १८०५ मध्ये फ्रेंचांनी त्याचं जहाज पकडलं, तेव्हा त्याच जहाजावर मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी होता: जमशेटजी जीजीभॉय. पुढे दोघांचा व्यापार जमला. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची, तिकडे कँटनला जार्डिनची पेढी. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्या संपत्तीतून उभी राहिली तिचा मोठा हिस्सा याच व्यापाराचा, आणि ॲननडेलमधल्या काही मोठ्या बंगल्यांमागेही तोच पैसा आहे. माळव्यात कंपनीचा अंमल बसवणारा माल्कम शेजारच्या खोऱ्यातला, आणि माळव्याची अफू विकणारा जार्डिन या खोऱ्यातला. हे अंतर गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं आहे.

मुक्काम मोफॅटला करा. टुमदार, रुंद रस्त्याचं गाव. १६३३ मध्ये गंधकाचा झरा सापडला आणि लोक अंघोळीला, पाणी प्यायला यायला लागले. चौकात मेंढ्याचा पुतळा आहे. जुन्या कब्रस्तानात जॉन मॅकॅडमची कबर आहे, खडीच्या 'मॅकॅडम' रस्त्यांचा तो जनक. सासरे बांधकाम खात्यातले असतील तर त्यांना हे नाव नवीन नसणार. मोफॅटहून सेलकर्कच्या रस्त्याला ग्रे मेअर्स टेल हा साठ मीटर उंचीचा धबधबा आहे. मुख्य दरी हिमनदीने खोल कापली, वरची छोटी दरी उंचावरच टांगलेली राहिली, आणि पाणी तिथून उडी घेतं. आजी-आजोबांना तो वाहनतळाजवळूनही दिसेल. वरच्या तळ्याची वाट दगडी आणि निसरडी आहे, ओल्या दिवशी मुलीलाही नेऊ नका.

धबधब्यापलीकडे थोड्या अंतरावर डॉब्स लिन नावाची एक घळ आहे. बाहेरून काहीच विशेष नाही: शेल नावाचा काळा, ठिसूळ, थराथरांचा दगड आणि ओढा. या शेलमध्ये ग्रॅप्टोलाइट नावाच्या समुद्री जिवांचे करवतीच्या पात्यासारखे ठसे आहेत. गॅलाशील्सला शाळामास्तर असलेल्या चार्ल्स लॅपवर्थने एकेका थरातले ठसे वेगळे करून १८७८ मध्ये दाखवून दिलं, की दुमडून उलटसुलट झालेल्या या डोंगरांचा क्रम जिवाश्मांवरून लावता येतो. पृथ्वीच्या इतिहासातला ऑर्डोव्हिशियन काळ संपून सिल्युरियन काळ कुठे सुरू झाला, याची जगाने मान्य केलेली खूण आज याच घळीत आहे. सुमारे ४४ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची. आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, तेव्हा किती मागे गेलो याचा अंदाज करा. जागा संरक्षित आहे. हातोडी चालवायची नाही, काही उचलायचंही नाही.

तिसरा दिवस खाडीचा, आणि तोच तुमच्या वेळेला सगळ्यात योग्य. मोफॅटहून डम्फ्रिसला या, पुढचा मुक्काम तिथेच ठेवा, आणि सकाळी कारलॅव्हरॉकला जा. स्पिट्सबर्गेनच्या बर्फाळ बेटांवर वीण करणारे बार्नेकल हंस सप्टेंबरअखेरपासून इथे उतरायला लागतात. त्या बेटांवरची अख्खी जमात हिवाळा सॉल्वेच्या काठी काढते. १९४० च्या दशकात ते तीनेकशेच उरले होते. शिकार थांबली, खाडीकाठचं गवताळ दलदलीचं रान राखलं गेलं आणि संख्या हजारोंवर गेली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने त्यातले साधारण एक तृतीयांश नेले. पक्षिकेंद्रात बसून बघायच्या खोल्या आहेत, वृद्धांना अजिबात त्रास नाही. पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला जा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो.

खाडीच्या चिखलात मात्र पाय टाकू नका. भरती इथे माणसाच्या पळण्याहून वेगाने येते आणि वाळू पाय धरते. फोटोसाठी पुढे जाणाऱ्यांना मी दर वेळी मागे ओढते.

जवळच कारलॅव्हरॉकचा किल्ला. तांबड्या दगडाचा, पाण्याच्या खंदकात उभा, आणि आकाराने त्रिकोणी. या परगण्यातला एकच किल्ला बघायचा तर हाच. १३०० च्या जुलैमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड तीनेक हजार माणसं घेऊन यावर चालून आला. किल्ला शरण आला तेव्हा आतून साठच माणसं बाहेर पडली. दगडकामाच्या पाहणीसाठी आतला भाग कधी कधी बंद ठेवतात, निघण्यापूर्वी तपासून घ्या. बाहेरून खंदकाभोवतीची सपाट वाट तरी फिराच.

तिथून पूर्वेला रुथवेलचं छोटं चर्च. आत खास खोदलेल्या जागेत पाच मीटरहून उंच दगडी क्रूस उभा आहे, आठव्या शतकातला. त्याच्या कडांवर रून लिपीत जुन्या इंग्रजी कवितेच्या ओळी आहेत, ज्यात वधस्तंभ स्वतः बोलतो. इंग्रजीतल्या कवितेचा इतका जुना नमुना दगडावर क्वचितच मिळतो. सतराव्या शतकात चर्चच्या महासभेने ही मूर्तिपूजा ठरवली आणि क्रूस फोडला गेला. तुकडे पडून होते. ते जुळवून १८२३ मध्ये पुन्हा उभा केला हेन्री डंकन या इथल्या पाद्र्याने. या माणसाबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. त्या काळी बँका गरिबाची लहान रक्कम घेत नसत. डंकनने १८१० मध्ये रुथवेलच्या एका झोपडीवजा घरात बचत बँक काढली, सहा पेन्सपासून ठेव, आणि त्यावर व्याज. ती कल्पना देशोदेशी गेली. लॉकमेबेनजवळच्या खाणीत तांबड्या दगडावर कसल्याशा प्राण्याची पावलं उमटलेली सापडली, तीही त्यानेच अभ्यासली. १८२८ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने मांडलेला निबंध हा जिवाश्म पाऊलखुणांवरचा पहिला शास्त्रीय निबंध मानला जातो. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडने ठसे ताडून बघायला मऊ कणकेवरून कासव चालवलं होतं. मुलीला हे नक्की सांगा. परगण्यातल्या निम्म्या इमारती ज्या तांबड्या दगडाच्या आहेत, तो ही पावलं उमटली त्या वाळवंटी काळातल्या वाळूचाच दगड.

पुढे ईस्टरिग्सला पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्याचं संग्रहालय आहे. चौदाएक किलोमीटर लांब पसरलेल्या त्या कारखान्यात बारा हजारांच्या आसपास बायका कॉर्डाइट हे स्फोटक बनवत होत्या. तास-दीड तास काढावा असं आहे. ग्रेटना ग्रीन मात्र मी टाळायला सांगेन. १७५४ पासून इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्यांना लग्नाला पालकांची संमती लागू लागली. स्कॉटलंडात दोन साक्षीदारांपुढे 'हो' म्हटलं की पुरे होतं, म्हणून सीमेवरच्या लोहाराकडे जोडपी पळून यायची. गोष्ट छान आहे, पण आता तिथे मुख्यतः दुकानं आहेत.

चौथा दिवस निथचा. सकाळी डम्फ्रिस पायी बघा. जुना दगडी पूल आणि पलीकडच्या पवनचक्कीच्या बुरुजातलं १८३६ चं कॅमेरा ऑब्स्क्युरा बघायला तासभर पुरतो. अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून बाहेरचं दृश्य आत पडतं आणि पांढऱ्या टेबलावर अख्खं गाव हलताना दिसतं, मुलीला हेच सगळ्यात आवडेल. पण त्याला कोरडी हवा लागते, आणि हिवाळ्यात ते बंद असतं. याच गावातल्या चर्चमध्ये १३०६ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट ब्रूसने आपला प्रतिस्पर्धी कॉमिन याला भोसकलं आणि सहा आठवड्यांनी स्कॉटलंडचा राजा म्हणून स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला. ते चर्च आता नाही. रॉबर्ट बर्न्सचं राहतं घर आहे. हा राष्ट्रकवी इथे जकात खात्यात नोकरी करत होता आणि १७९६ मध्ये सदतिसाव्या वर्षी याच घरात वारला. त्याआधी तो गावाबाहेर एलिसलंडला शेती करायचा. जमीन कसदार नव्हती, शेती बुडाली. पण नववर्षाच्या मध्यरात्री जगभर गायलं जाणारं गीत त्याने तिथे असतानाच लिहून काढलं. एकच बघायचं तर मी एलिसलंड निवडते, नदीकाठच्या चालण्यासाठी.

वर जाताना ड्रमलॅनरिगचा गुलाबी दगडाचा राजवाडा लागतो. महालाच्या आत जाण्याचे दिवस थोडेच असतात, पण बागा आणि जंगलवाटा भरपूर आहेत. पुढे सँकर. तिथल्या पोस्ट ऑफिसचा इतिहास १७१२ पासूनचा, जगातलं सगळ्यात जुनं चालू पोस्ट ऑफिस म्हणून त्याची ख्याती. भेटवस्तू घ्यायची असेल तर इथले दोन रंगी विणीचे हातमोजे घ्या. चौकटी-चौकटींची नक्षी आणि मनगटावर घालणाऱ्याची आद्याक्षरं. हाताने विणलेले महाग असतात आणि ते योग्यच आहे.

सँकरच्या अलीकडे मेनॉकपाशी उजवीकडे वळा. अरुंद खिंडीतून रस्ता वॉनलॉकहेडला चढतो, ४६७ मीटरवरचं स्कॉटलंडमधलं सगळ्यात उंच गाव. शिशाच्या खाणीवर जगलेलं. खाणीत आत जाता येतं आणि पाण्याच्या वजनावर चालणारा जुना पंप बघता येतो. आणि इथेही ग्रंथालय आहे, १७५६ मध्ये खाणकामगारांनी वर्गणी काढून उभं केलेलं. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. तुमच्या तारखा हंगामाच्या काठावर आहेत, तेव्हा फोन करूनच निघा.

थोड्या व्यावहारिक गोष्टी. भारतीय लायसन्सवर पर्यटक म्हणून बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि रस्ता आपल्यासारखाच डावीकडून आहे. एस्कडेलम्युअरकडचे काही रस्ते एकेरी रुंदीचे असतात. मागचा घाईत असेल तर थांबायच्या रुंद जागेत बाजूला घ्या आणि त्याला पुढे जाऊ द्या. त्या जागांवर गाडी उभी करून फोटो काढत बसू नका. गावांतली स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठलाच बंद होतात. सासू-सासरे शाकाहारी असतील तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि डाळ-तांदूळ कार्लाइललाच भरून घ्या. एकलफेखनचा मनुका-अक्रोडाचा टार्ट चविष्ट असतो, पण त्यात अंडं असतं. पावसाचे कोट आणि पाणी न शिरणारे बूट पाचही जणांना हवेत. मुक्काम पहिली रात्र लँगहोम, दुसरी मोफॅट, तिसरी डम्फ्रिस असा ठेवा.

शेवटच्या दिवशी वॉनलॉकहेडहून पलीकडे उतरलात की ॲबिंग्टनपाशी मोटरवे लागतो आणि तिथून ग्लासगो तासाभराच्या अंतरावर. गाडी त्याच संध्याकाळी परत द्यायची असेल तर तीनच्या आत खिंड सोडा, चारनंतर शहरात शिरताना फार रहदारी लागते. वेस्टरकर्कच्या ग्रंथालयाला ईमेल मात्र आजच करा. ते चालवणारी माणसं स्वयंसेवक आहेत, त्यांना आठवडाभर आधी कळायला हवं.